सुंभाचं देणं

काकीने माझ्यावर किती खर्च केला याचा हिशेब तिने ठेवला नाही आणि मलाही ठेवू दिला नाही. ती आमच्या नात्यातली नव्हती. कर्लीच्या खाडीकाठी तिचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक मेर होती, एवढाच संबंध. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि माझ्या वडिलांची मनिऑर्डर थांबली. त्यानंतर माझी वह्या-पुस्तकं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आणि पुढे कोल्हापूरला केलेलं ए.टी.डी., या सगळ्याला जे पैसे लागले त्यांतले बरेचसे काकीच्या तळहातांतून आले. तळहातांतून हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. काकी सुंभ वळायची.

नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरायची, वर दगड ठेवायचे आणि विसरून जायचं. भरती-ओहोटीचं खारं पाणी आपलं काम करत राहतं. सहा ते दहा महिन्यांनी ती उकरून काढली की आमच्या वाडीत येणारा पाहुणा नाकाला पदर लावायचा. आम्हांला तो वास जाणवतही नसे. मग ती सोडणं दगडावर ठेवून मोगरीने कुटायची, भुसा झटकायचा, काथ्या उन्हात वाळवायचा. गोड्या पाण्यात कुजवलेला काथ्या काळपट पडतो, खाऱ्या पाण्यातला सोनेरी राहतो, हे काकी दुरून बघून सांगत असे. वळायला बसली की बोटांच्या चिमटीत काथ्या यायचा, दोन तळहातांमध्ये घासला जायचा आणि पेड पुढे सरकायचा. एका पेडाला एका बाजूचा पीळ, दोन पेड एकत्र करताना उलट्या बाजूचा. दोन्ही पीळ सुटायला बघतात आणि एकमेकांना अडवून धरतात. दोरी टिकते ती या भांडणावर. तिच्या हातावर रेषा म्हणून काही उरलेलीच नव्हती. ज्योतिषाचा धंदा बसला असता.

बहुतेक सुंभ विहिरीच्या राहाटाला, माटव बांधायला, गुरांना जायचं. त्यातलं चांगलं निवडून ती वेगळं ठेवायची. ते होडीचं.

आमच्या किनाऱ्यावरच्या रांपणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या तेव्हा शिवलेल्या असत. फळीला फळी कडेने भिडवायची, दोन्हींना भोकं पाडायची, सांध्यावर काथ्याची गादी ठेवायची आणि वरून सुंभाने ती आवळून शिवायची. खिळा नाही. शहरातल्या माणसाला हे ऐकून भीती वाटते, आणि तशी ती वाटणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझच्या बंदरात नारळाच्या दोरीने शिवलेली जहाजं पाहिली आणि ती भरवशाची नाहीत असं लिहून ठेवलं. पण लाटा फुटतात अशा पुळणीवर होडी रोज आपटत वर यायची असेल तर खिळ्याची होडी ताठर राहते आणि सांध्याशी तडकते. शिवलेली होडी थोडी लवते. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं. काथ्या भिजून फुगतो आणि सांधा अधिक आवळतो. फळी खराब झाली तर टाके कापायचे, नवी फळी घालायची, पुन्हा शिवायची. भोज राजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या ग्रंथात मात्र कारण वेगळंच आहे: समुद्रात लोहचुंबकाचे खडक असतात, ते लोखंडाने जोडलेलं जहाज ओढून घेतात. ग्रंथकाराने आमच्या मेस्ताला विचारलं असतं तर त्याने साधं उत्तर दिलं असतं.

हा मेस्त, म्हणजे होड्या बांधणारा सुतार, सुंभ घ्यायला काकीकडे यायचा आणि दर वेळी दोघांचं भांडण व्हायचं. तो वावभर सुंभ हातात धरायचा आणि मध्येच अंगठ्याने पीळ उलगडून आत बघायचा. आखूड काथ्या आत दडवून बाहेरून लांब तंतू दाखवणाऱ्या वळणाऱ्या असतात, त्यासाठी. काकीला हा अपमान वाटे. इतकी वर्षं माझ्याकडून नेतोस आणि अजून उलगडून बघतोस? तो म्हणायचा, तुझो विश्वास आसा गो, पण होडयेत मी एकटो नाय बसणा. एकदा त्याने माझ्या हातचं वेटोळं उचललं, नेहमीसारखं उलगडलं आणि काकीच्या पुढ्यात टाकलं. "ह्या होडयेक नको. पाड्याक बांधूक दी."

संध्याकाळी अभ्यास झाला की मी तिच्या पडवीत वळायला बसत असे, त्यातलं ते वेटोळं. पुढे शाळेत चित्रकला शिक्षिका म्हणून लागल्यावर पहिल्या पगारातले पैसे घेऊन मी काकीकडे गेले. तिने ते हातातसुद्धा घेतले नाहीत. "माझ्या बाजूक बसान वळलंस, तां काय फुकट? तुझेच पैशे ते." पाड्याच्या गळ्यात पडणाऱ्या सुंभाची इतकी मजुरी सिंधुदुर्गात कुणी दिली नसेल. पण तिचा हिशेब तिने असा बसवून टाकला होता आणि त्यात मला बोट घालायला जागा नव्हती.

ए.टी.डी.ला असताना आमची सहल अजिंठ्याला गेली होती. तीही काकीच्याच पैशांनी. तेव्हा लेण्यांत उजेड पाडायला बाहेर उन्हात पत्रा धरून झोत आत वळवत. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तो झोत एका जहाजावर आला. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, वाकाटकांच्या काळातलं चित्र. तीन डोलकाठ्या, त्यांवर उभट शिडं, मागच्या बाजूला ओळीने मांडलेले घडे, नाळेवर रंगवलेला डोळा, मागे सुकाणूची वल्ही. रंग बराच उडालेला. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सने १८७२ पासून पुढे बारा-तेरा वर्षं आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या नकला करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्यात होते. त्या नकलांतल्या पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या. उरलेल्यांवरून १८९६ मध्ये ग्रिफिथ्सचा ग्रंथ निघाला, त्यात हे जहाज आहे. मी माझी नक्कल पेन्सिलीने उतरवली, वसतिगृहात बसून रंगवली आणि सुट्टीत काकीला नेऊन दाखवली. मला वाटलं, ती रंगाला चांगलं म्हणेल.

तिने कागद उजेडाकडे धरला, जवळ आणला, लांब नेला. "कोणाचा ह्या तारू?"

दीड हजार वर्षांपूर्वीचं, मी म्हटलं.

"ता खरां. पण हेचो सांधो खंय?"

सांधा नव्हता. फळ्या कशा जोडल्या, शिवल्या की खिळल्या, याची एकही खूण चित्रकाराने दिलेली नाही. त्याला भिंतीवर एका व्यापाऱ्याची समुद्रावरची गोष्ट सांगायची होती. जहाज बांधून दाखवायचं नव्हतं. आपल्याकडे हे सगळीकडेच आहे. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांची जहाजं आहेत. बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका कोरलेल्या आहेत. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांची नावं परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवली. पण जहाज काढणारे, कोरणारे, लिहिणारे वेगळे आणि बांधणारे वेगळे. बांधणाऱ्यांनी कागद केला नाही. ते ज्ञान मेस्ताच्या अंगठ्यात होतं आणि काकीच्या तळहातात, आणि आमच्या देखत त्याचं काय झालं हे मी पाहिलं आहे. फायबरच्या होड्या आल्या. रांपण ओढायला माणसं जमेनाशी झाली, कारण यांत्रिक नौका खोल पाण्यातच मासळी उचलू लागल्या. नायलॉनची दोरी स्वस्त आणि बिनवासाची. मेस्ताचा मुलगा घरांची दारं-खिडक्या करतो, आणि उत्तम करतो. काकीचा मुलगा मस्कतला ड्रायव्हर म्हणून गेला.

हा मुलगा मला ताय म्हणतो. एका सुट्टीत तो आला आणि म्हणाला, ताय, मस्कतात अल बुस्तानच्या चौकात एक तारू ठेवलंय, शिवलेलं, मी रोज गाडी घेऊन त्याच्या बाजूने जातो. ते ‘सोहार’. टिम सेव्हरिन या ब्रिटिश लेखकाने सिंदबादच्या सफरींचा माग काढायचा म्हणून ओमानच्या सुलतानांच्या आश्रयाने ते सूर बंदरात बांधवलं आणि १९८० ते ८१ मध्ये ओमानहून थेट चीनपर्यंत नेलं. लाकूड मलबारचं, काथ्याची दोरी आणि शिवणारी माणसं लक्षद्वीपची. पुढे ‘ज्वेल ऑफ मस्कत’ बांधलं, इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ सापडलेल्या नवव्या शतकातल्या बुडालेल्या जहाजाच्या आधाराने. त्यातही दोरकाम करायला केरळचे कारागीर होते. ते २०१० मध्ये सिंगापूरला पोचलं. म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या हातांनी दुसऱ्यांचा वारसा दोनदा शिवून दिला होता. मला याचा राग आला नाही. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांना हा धंदा सामाईक आहे; लाकूड नेहमी इकडून गेलं, जहाजं नेहमी ये-जा करत राहिली. पण काकीच्या मुलाला राग आला होता. त्याचं म्हणणं असं, की तिकडे चौकात उभं करतात आणि आमच्याकडे चुलीत घालतात.

त्या वेळी काकी होती. तिने विचारलं, चौकात उभ्या केलेल्या तारवाचं सुंभ कोण बदलतं? पाण्याबाहेर ठेवलं तर वाळून सुटणार.

‘कौंडिण्य’ या शिवलेल्या जहाजाची बातमी आली तेव्हा काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारचं सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात करार झाला आणि १२ सप्टेंबर २०२३ ला पठाण, म्हणजे जहाजाचा तळकणा, बसवण्यात आली. कल्पना अर्थशास्त्रज्ञ संजीव सान्याल यांची. आधार अजिंठ्याचं जहाज. हे वाचलं आणि मी मनात काकीचाच प्रश्न विचारला: सांधा कुठून आणणार? तोच प्रश्न त्या लोकांनाही पडला होता. नकाशा नाही, मोजमाप नाही, एका बाजूने काढलेलं सपाट चित्र. पोटाचा घेर किती, डोलकाठीवर ताण किती, वाऱ्यात किती कलेल, हे सगळं अनुमानाने ठरवायचं. नौदलाने आराखडा केला, आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या. पण फळीला फळी कशी भिडवायची हे कुठल्याही संगणकात नव्हतं. त्यासाठी केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे सुतार आले.

दिवार बेटावर ते जहाज बांधत होते. रत्नाकर दांडेकरांची तिथली गोदी आधीच नावाजलेली. दिलीप दोंदे ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० मध्ये परतले ती शिडाची नौका त्यांनीच बांधलेली. माझा एक जुना विद्यार्थी गोव्यात इंजिनिअर आहे. त्याच्या ओळखीने २०२४ साली मला आत जाता आलं. ओल्ड गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की पाच मिनिटांत दिवार.

सुमारे वीस मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद. आकडे वाचून गेले होते, पण तेवढं मोठं पोट दोरीने धरलेलं आहे हे जवळ उभं राहिल्याशिवाय पटत नाही. शिवताना एक माणूस आत, एक बाहेर. आतल्याने दोरी भोकातून सारायची, बाहेरच्याने ओढून घ्यायची, दांडक्याचा पीळ देऊन आवळायची, परत सारायची. सांध्यावर काथ्याची जाड गादी, तिच्यावर टाक्यांची वीण. राळेचा वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक वास, जो मला लहानपणी जाणवत नसे आणि त्या दिवशी जाणवला. मी सांध्यावरून अंगठा फिरवला. उलगडून बघायचा मोह झाला, पण ती जागा माझी नव्हती.

आमच्या क्षेत्रातली काही मंडळी या जहाजावर नाक मुरडतात. म्हणे, अजिंठ्याचं जहाज असं होतं हे कशावरून? नव्हतंही असेल. शिडावर गंडभेरुंड आणि सूर्य, नाळेवर सिंहयाळी, डेकवर हडप्पा वळणाचा दगडी नांगर. हे वेगवेगळ्या काळांतून वेचून आणलेलं आहे, आणि माझ्या डोळ्याला ते थोडं जास्त सजवलेलं वाटतं. नावही दंतकथेतल्या दर्यावर्दीचं: समुद्र ओलांडून आग्नेय आशियात गेलेला कौंडिण्य. पण मला सजावटीशी कर्तव्य नाही. चित्राची नक्कल मीही केली होती. माझ्या नकलेत सांधा नव्हता, यांच्या नकलेत आहे. आणि सांधा खोटा असेल तर समुद्र लगेच सांगतो, परीक्षक नेमावे लागत नाहीत.

म्हणूनच आरमाराच्या नावाने आपल्याकडे इतकं बोललं जात असताना कान्होजी आंग्र्यांच्या वळणाची एक गुराब, निमुळत्या नाळेची, खरी, वाऱ्यावर चालणारी, कुणी बांधावी असं मला फार वाटतं. चित्ररथावरची नव्हे.

२०२५ च्या फेब्रुवारीत जहाज पाण्यात उतरलं आणि २१ मे रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. मी वाचलेल्या बातम्यांत मंत्र्यांची नावं होती, अधिकाऱ्यांची होती. बाबू शंकरन यांचं नाव होतं, याचा मला मनापासून आनंद झाला. सुताराचं नाव छापलं जाणं ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही. दोरी कुणी वळली हे मात्र मला कुठे सापडलं नाही. सोडणं कुणी कुजवली, कुणी कुटली? बायकाच असणार. केरळात, लक्षद्वीपात, आमच्याकडे, सगळीकडे हे काम बायकांचंच. रोजगार हमीच्या हजेरीपटावर नाव लागतं तेवढंही इथे लागत नाही. काकीचं नाव मीही इथे लिहिलेलं नाही, कारण तिला ते आवडलं नसतं. वाडीत तिला नावाने कुणी हाक मारतच नसे.

२९ डिसेंबर २०२५ ला कौंडिण्य पोरबंदरहून मस्कतला निघालं. इंजिन नाही. चौकोनी शिडं आणि सुकाणूची वल्ही, जी आजच्या नौदलातल्या तांडेलांनासुद्धा नव्याने शिकावी लागली. ते दोन आठवडे मी रोज सकाळी वाऱ्याची दिशा बघत असे, जणू माझ्या माहितीने त्यांना मदत होणार होती. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला दुसरं काय काम? १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, जहाज मस्कतच्या सुलतान काबूस बंदरात शिरलं.

दुपारी काकीच्या मुलाचा आवाजी निरोप आला. मागे गाड्यांचे हॉर्न. "ताय, तारू इलां. मी मत्राच्या कॉर्निशवरसून बघतंय. लोक फोटो काढतत. सुंभ हयसून दिसणा नाय, पण नाळ बरी आसा." मग थोडा थांबून, "सध्या भाव काय आसा गो सुंभाचो?"

मला माहीत नव्हतं. मी मालवणात होडीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात फोन लावला. तो म्हणाला, बाई, नायलॉन हवं तर आत्ता देतो. काथ्याचं मागवावं लागेल. किती किलो पाहिजे?